आधी खांद्यावर थाप

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, दुपारी अडीचला
बोंड्याल शेठचा माग भलतंच फूल काढायला लागला.
फूल कसलं, टॉवेलच्या काठावर
कुणी मूठभर तीळ फेकल्यासारखं.
मला फोन आला. लॅपटॉप, दोन वायरी,
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी,
स्कूटी काढली.

डिझाइनचा कॉम्प्युटर ठीक होता.
मागाच्या डोक्यावरची पेटी, तीही ठीक.
दोघांमध्ये एक तार, आणि तारेवर बोलणं चालू.
यल्लप्पा म्हणाला, ताई, बोलतंय तर दोघं,
घड्याळाची तार कुठाय पण?
ऐकायचं कधी, हे त्या पेटीला कळतंय कसं?

मी म्हटलं, माझ्या नायनांना कळायचं तसं.

साखर पेठेतल्या कारखान्यात एकतीस वर्षं
नायना जकार्डची कार्डं ठोकायचे.
भोक म्हणजे धागा वर, कोरं म्हणजे धागा खाली.
सोळा मागांच्या खडखडाटात
हाकेला किंमत नव्हती.
म्हणून आधी खांद्यावर थाप.
थापेला अर्थ नसतो.
थाप एवढंच सांगते, आता इथून मोज.
मग ओठ हलायचे, ठरलेल्या चालीने,
आणि चाल दोघांच्या अंगात आधीच असायची.

तार गप्प असते तेव्हा वर असते, यल्लप्पा.
वर आहे म्हणजे जोडलेली आहे,
बोलायचं नाहीये इतकंच.
बोलायचं झालं की एकदम खाली येते.
ती थाप.
ऐकणारा अर्धं घर थांबतो
आणि पुढच्या प्रत्येक घराच्या मधोमध पाहतो,
कडेला नाही. कडेला धागा अजून हलत असतो.
हा बघ पडद्यावर इंग्रजी ए, शेपटाकडून येतोय:
खाली,
वर, खाली खाली खाली खाली खाली, वर, खाली,
आणि वर.
शेवटचं वर म्हणजे झालं, श्वास घे.
दोघांची घड्याळं थोडी पुढेमागे चालतात,
चालू देत. दहा घरांत अर्धं घर चुकायच्या आत
पुन्हा थाप पडते, पुन्हा एकपासून.

बाकी जोडताना याचं तोंड त्याच्या कानाला.
नवखे तोंडाला तोंड जोडतात
आणि तासभर शांतता दुरुस्त करत बसतात.
(मीही बसले आहे.)
आणि घड्याळं दोन असली तरी
जमीन एकच लागते. तिसरी काळी वायर, ती जमीन.

मग बिघडलंय काय?

गेल्या आठवड्यात कुणी पेटी बदलली होती.
कॉम्प्युटर सेकंदाला नऊ हजार सहाशे घरं टाकत होता,
नवी पेटी एकोणीस हजार दोनशे मोजत होती.
एकेक घर दोनदा वाचत होती घाईघाईत,
आणि जे कुणी बोललंच नव्हतं
ते इमानदारीने विणत होती.

एक आकडा बदलला.
फूल आलं. सहा पाकळ्या, देठ, सगळं.
शेठने चारशे दिले, चहा पाजला,
एवढ्याचसाठी चारशे, असं तोंड केलं.

घरी आले तर नायना खाटेवर, ताट समोर.
मार्चमध्ये डावी बाजू गेली, तेव्हापासून
ते काही बोलतात आणि आम्हाला कळत नाही.
अम्मा म्हणते, असंबद्ध.
मीही तेच म्हणत आले,
दुसरा शब्द ऐकायच्या आधी.

आज बॅग न उतरवता शेजारी बसले.
त्यांनी उजवा हात उचलला.
बराच वेळ लागला त्याला
माझ्या खांद्यापर्यंत यायला.

उ, ते म्हणाले.
मी थांबले. बाहेर कुणाची रिक्षा वळली,
अम्माने नळ बंद केला.
मी अजून थांबले.
प्पु.

उप्पु. मीठ.

तीन महिने आम्ही त्यांना पाणी देत होतो.